वर्गीकृत वारंवारता सारणी जुळत नाही तेव्हा: समस्या निवारण

सामग्रीत ४० प्राप्तांक (नोंदवलेल्या संख्या) असतात, त्यांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती प्राप्तांक आले, म्हणजे त्याची वारंवारता किती, याची सारणी काळजीपूर्वक तयार केलेली असते आणि तरीही वारंवारतांची बेरीज ३९ किंवा ४९ येते. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी ताळ्याच्या खुणा पुसून पहिल्यापासून पुन्हा मोजायला बसतात आणि दुसऱ्यांदाही तीच बेरीज आली की गोंधळतात. मोजणी पुन्हा करूनही चूक तशीच राहत असेल, तर ती मोजणीत नसून वर्गांच्या रचनेत आहे, असे मानून पुढे जावे. फरक किती आहे आणि कोणत्या दिशेने आहे, यावरून कारण बहुतेक वेळा काही मिनिटांत सापडते.

याच समस्येचा दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण तो दिसत नाही. दोन जणांनी एकाच सामग्रीवरून, त्याच मर्यादा घेऊन सारण्या केल्या, दोघांचीही बेरीज अचूक ४० आली, पण वारंवारता वेगवेगळ्या आल्या. येथे बेरजेचा पडताळा काहीच सांगत नाही. दोन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे: वर्गाच्या सीमेवर पडणारा प्राप्तांक कोणत्या वर्गात जाणार, हे मोजणी सुरू होण्यापूर्वी ठरवून लिहिलेले नसते.

पुढील सर्व स्पष्टीकरणासाठी एकच सामग्री घेऊ. एका चाचणीत ४० विद्यार्थ्यांना मिळालेले पूर्णांकातील गुण चढत्या क्रमाने असे आहेत:

१२, १५, १७, १८, १९, २०, २०, २३, २४, २५,
२७, २८, २९, ३०, ३०, ३१, ३२, ३३, ३४, ३५,
३६, ३६, ३७, ३८, ३९, ४०, ४०, ४१, ४२, ४३,
४४, ४५, ४७, ४८, ५०, ५०, ५२, ५४, ५७, ६०

बेरीज एकने कमी येते

सर्वांत लहान प्राप्तांक १२ आणि सर्वांत मोठा ६० आहे, म्हणून विस्तार ४८ आहे. सहा वर्ग करायचे ठरवले, तर ४८ ला ६ ने भागून वर्गांतर (प्रत्येक वर्गाची रुंदी) ८ मिळते. भागाकार नेमका सुटल्यामुळे कोणालाही शंका येत नाही आणि १२–२०, २०–२८, २८–३६, ३६–४४, ४४–५२, ५२–६० असे वर्ग तयार होतात. असमाविष्ट पद्धतीने, म्हणजे वरची मर्यादा त्या वर्गात न धरता मोजले, तर वारंवारता अनुक्रमे ५, ६, ९, १०, ६ आणि ३ येतात. त्यांची बेरीज ३९ आहे. हरवलेला प्राप्तांक ६० आहे, कारण ५२–६० या वर्गात ६० धरला जात नाही आणि त्यापुढे वर्गच नाही. १२–१९, २०–२७ असे समाविष्ट पद्धतीचे, म्हणजे दोन्ही मर्यादा त्याच वर्गात धरणारे वर्ग केले, तरी सहावा वर्ग ५२–५९ येथे संपतो आणि ६० पुन्हा बाहेर राहतो.

विस्तार हा दोन टोकांमधील फरक असतो, पण १२ ते ६० या पट्ट्यात पूर्णांक ४८ नसून ४९ आहेत. म्हणून पूर्णांकी सामग्रीत विस्तारात १ मिळवून मग भागावे आणि भागाकार नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यावा. ४९ ला ६ ने भागल्यास ८ पेक्षा थोडे अधिक येते, म्हणून वर्गांतर ९ घ्यावे लागते आणि १२–२१ पासून ५७–६६ पर्यंतच्या सहा वर्गांत सर्व प्राप्तांक बसतात. सामग्री एका दशांश स्थळापर्यंत दिली असेल, तर १ ऐवजी ०.१ मिळवावा. माझ्या मते मात्र वाचायला सोप्या मर्यादा घेणे अधिक चांगले. १० पासून सुरुवात करून वर्गांतर १० घेतले, तर १०–२० ते ६०–७० असे सहाच वर्ग होतात, वर्गमध्य (वर्गाच्या दोन मर्यादांची सरासरी) सहज काढता येतात आणि खुणा करताना डोळा चुकत नाही. पहिल्या वर्गाची खालची मर्यादा सर्वांत लहान प्राप्तांकाइतकीच असली पाहिजे, असा कोणताही नियम नाही. ती त्याच्याहून लहान असली तरी चालते.

वर्ग लिहून झाल्यावर, पहिली खूण करण्यापूर्वी, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा प्राप्तांक कोणत्या वर्गात जातो ते बोट ठेवून पाहावे. बेरीज एकने किंवा दोनने कमी येण्याच्या तक्रारी बहुतांशी एवढ्यानेच थांबतात.

फरक सीमेवरच्या प्राप्तांकांइतका येतो

आता १०–२०, २०–३०, ३०–४०, ४०–५०, ५०–६०, ६०–७० हे वर्ग घेऊ. आपल्या सामग्रीत २०, ३०, ४० आणि ५० हे प्राप्तांक प्रत्येकी दोनदा आणि ६० एकदा आला आहे, म्हणजे नऊ प्राप्तांक नेमके वर्गांच्या सीमेवर आहेत. बेरीज ४९ आली, तर या नऊ जणांना दोन्ही शेजारच्या वर्गांत मोजले गेले आहे. ती ३१ आली, तर त्यांना कोणत्याच वर्गात मोजलेले नाही. म्हणून बेरीज चुकल्यावर सर्वप्रथम सीमेवर किती प्राप्तांक आहेत ते मोजावे आणि ती संख्या फरकाशी जुळते का ते पाहावे. जुळत असेल, तर सगळी सारणी पुन्हा करण्याची गरज नाही. फक्त त्या नऊ प्राप्तांकांचा निर्णय नव्याने करावा लागतो.

फरक या संख्येशी जुळत नसेल आणि तो एक-दोनचाच असेल, तर मात्र दोष खुणा करण्यात आहे. याचे नेहमीचे कारण असे की विद्यार्थी एक वर्ग डोळ्यांपुढे ठेवून सगळी यादी चाळतो, मग दुसऱ्या वर्गासाठी ती पुन्हा चाळतो. सहा वर्गांसाठी यादी सहा वेळा वाचली जाते आणि प्रत्येक वाचनात एखादा प्राप्तांक निसटण्याची शक्यता राहते. यादी एकदाच वाचावी, प्रत्येक प्राप्तांक वाचताक्षणी त्याच्या वर्गापुढे खूण करावी आणि यादीतील तो प्राप्तांक पेन्सिलीने छेदावा. सामग्री ओळींत मांडलेली असल्यास प्रत्येक ओळ संपल्यावर एकूण खुणा मोजाव्यात. आपल्या सामग्रीत पहिल्या ओळीनंतर १०, दुसऱ्या ओळीनंतर २० खुणा झाल्या पाहिजेत. चूक त्याच ओळीत पकडली जाते.

बेरीज बरोबर, सारणी मात्र वेगळी

वरचे दोष बेरीज उघड करते. हा दोष ती झाकते, म्हणून येथे अधिक वेळ थांबणे आवश्यक आहे. सीमेवरचा प्राप्तांक पुढच्या वर्गात धरायचा, म्हणजे २० हा २०–३० मध्ये मोजायचा, असा नियम पाळल्यास सारणी अशी येते (संचित वारंवारता म्हणजे पहिल्या वर्गापासून त्या वर्गापर्यंतच्या वारंवारतांची बेरीज):

| वर्ग | वारंवारता | ऊर्ध्व मर्यादेपेक्षा कमी संचित वारंवारता |
|---|---|---|
| १०–२० | ५ | ५ |
| २०–३० | ८ | १३ |
| ३०–४० | १२ | २५ |
| ४०–५० | ९ | ३४ |
| ५०–६० | ५ | ३९ |
| ६०–७० | १ | ४० |

उलट नियम पाळून वरची मर्यादा त्याच वर्गात धरली, तर वारंवारता ७, ८, १२, ९ आणि ४ येतात आणि सहाव्या वर्गाची गरजच उरत नाही. दोन्हींची बेरीज ४० आहे. मधल्या तीन वर्गांच्या वारंवारता तर अगदी सारख्या आहेत, कारण प्रत्येक वर्गातून खालच्या सीमेवरचे दोन प्राप्तांक बाहेर गेले आणि वरच्या सीमेवरचे दोन आत आले. फरक फक्त टोकांना दिसतो आणि म्हणूनच तो किरकोळ वाटतो.

तो किरकोळ नाही. वर्गमध्य १५, २५, ३५ असे घेऊन पहिल्या सारणीवरून मध्य (सरासरी) काढला, तर १४४० भागिले ४० म्हणजे ३६ येतो. दुसऱ्या सारणीवरून १३५० भागिले ४० म्हणजे ३३.७५ येतो. मूळ ४० प्राप्तांकांची बेरीज १४०१ आहे, म्हणून खरा मध्य ३५.०२५ आहे. एकाच सामग्रीचे दोन मध्य एकमेकांपासून २.२५ ने दूर गेले. नऊ प्राप्तांक प्रत्येकी एक वर्ग सरकले, वर्गांतर १० आहे, म्हणून एकूण ९० चा फरक पडला आणि त्याला ४० ने भागल्यावर २.२५ मिळाले. सीमेवर जितके अधिक प्राप्तांक असतील, तितका हा फरक वाढतो. लोक वजन, वेळ किंवा वय सांगताना पूर्ण दहाकडे किंवा पाचाकडे झुकतात, त्यामुळे प्रत्यक्ष गोळा केलेल्या सामग्रीत नेमक्या याच संख्यांची गर्दी असते.

शालेय गणितात असमाविष्ट पद्धतीचा संकेत पहिल्या सारणीसारखा आहे: खालची मर्यादा वर्गात, वरची वर्गाबाहेर. तोच पाळावा, आणि सारणीच्या शीर्षकाखाली ‘वरची मर्यादा वर्गात समाविष्ट नाही’ असे एक वाक्य लिहावे. काही जण एका सीमेवर एक नियम आणि दुसऱ्या सीमेवर दुसरा नियम नकळत लावतात. २० खाली गेला, ३० वर गेला, बेरीज तरीही ४० येते आणि हा दोष कोणत्याही पडताळ्यात सापडत नाही. लिहिलेले वाक्य डोळ्यांसमोर असेल, तरच तो टळतो.

समाविष्ट वर्गांत पडलेल्या फटी

सीमेचा प्रश्न टाळण्यासाठी १०–१९, २०–२९, ३०–३९ असे वर्ग करण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पूर्णांकी गुणांसाठी ती निर्दोष आहे आणि आपल्या सामग्रीत तिने ५, ८, १२, ९, ५, १ याच वारंवारता मिळतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा सामग्रीत १९.६ सारखी संख्या असते. ती १०–१९ मध्ये बसत नाही आणि २०–२९ मध्येही बसत नाही. काही विद्यार्थी ती २० समजून पुढे ढकलतात, काही दशांश भाग सोडून मागे ठेवतात आणि दोघांच्या सारण्या वेगळ्या होतात. सामग्रीत एक जरी अपूर्णांक असला, तरी असमाविष्ट पद्धत वापरावी, किंवा मर्यादाही तितक्याच दशांश स्थळांपर्यंत, १०.०–१९.९ अशा, लिहाव्यात.

याच पद्धतीत वर्गांतराची चूक फार वेळा होते. १९ मधून १० वजा करून वर्गांतर ९ लिहिले जाते, जेव्हा त्या वर्गात १० ते १९ असे दहा पूर्णांक आहेत आणि वर्गांतर १० आहे. लगतच्या दोन वर्गांच्या खालच्या मर्यादा वजा कराव्यात, म्हणजे २० मधून १०. हे उत्तर दोन्ही पद्धतींत बरोबर येते आणि म्हणून त्याचीच सवय लावून घ्यावी.

आयतालेख (लगतच्या आयतांनी वारंवारता दाखवणारी आकृती) काढायचा असो किंवा मध्यक (क्रमाने लावलेल्या प्राप्तांकांतील मधले मूल्य), वर्ग आधी सलग करावे लागतात. एका वर्गाची वरची मर्यादा आणि पुढच्या वर्गाची खालची मर्यादा यांतील फरकाचा अर्धा भाग खालच्या मर्यादेतून वजा करून वरच्या मर्यादेत मिळवावा. येथे फरक १ आहे, म्हणून वर्ग ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे होतात, १०.०–१९.९ अशा वर्गांत फरक ०.१ असल्याने ०.०५ घ्यावा. सगळीकडे डोळे झाकून ०.५ वापरणे ही चूक वह्यांमध्ये सतत आढळते. वर्ग सलग केल्यावर मध्यक २९.५ अधिक ७/१२ गुणिले १०, म्हणजे सुमारे ३५.३३ येतो (४० च्या निम्म्या २० मधून आधीच्या वर्गांतले १३ वजा केल्यावर ७ उरतात आणि १२ ही या वर्गाची वारंवारता आहे); मूळ सामग्रीत विसावा आणि एकविसावा प्राप्तांक ३५ आणि ३६ आहेत, म्हणून खरा मध्यक ३५.५ आहे. खालची मर्यादा ३० आणि वर्गांतर ९ अशा दोन्ही चुका एकत्र केल्या, तर उत्तर ३५.२५ येते. दोन चुकांनी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडल्यामुळे हे उत्तर वाजवी दिसते, म्हणून उत्तर खऱ्या मूल्याच्या जवळ आले एवढ्यावरून पद्धत बरोबर होती असे समजू नये.

वर्गमध्याबाबतही येथेच लक्ष द्यावे. १०–१९ चा वर्गमध्य १४.५ आहे, तर १०–२० असे लिहिल्यावर आपण १५ घेतो, जरी पूर्णांकी गुणांच्या दोन्ही वर्गांत तेच प्राप्तांक असले तरी. १४.५ पासूनचे वर्गमध्य घेतल्यास मध्य ३५.५ येतो आणि तो ३५.०२५ च्या अधिक जवळ आहे. गुण पूर्णांकातच असतील, तर समाविष्ट पद्धत या कारणासाठी मला अधिक प्रामाणिक वाटते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वय पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदवले असेल, तर १९ लिहिलेली व्यक्ती विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही १९ चीच असते. तेथे १०–१९ या वर्गाचा खरा अर्थ १० पासून २० च्या आतपर्यंत असा होतो, म्हणून सलग मर्यादा १० आणि २० घ्याव्यात, ९.५ आणि १९.५ नव्हेत, आणि वर्गमध्य १५ धरावा. मोजमाप जवळच्या पूर्णांकापर्यंत केले होते की अपूर्ण भाग सोडून दिला होता, हे विचारल्याशिवाय मर्यादा दुरुस्त करू नयेत.

हाताने केलेली सारणी आणि संगणकाची सारणी जुळत नाही

येथेही प्रश्न सीमेचाच आहे, फक्त निर्णय संगणकाने आधीच घेऊन ठेवलेला असतो. एक्सेलमधील फ्रीक्वेन्सी हे सूत्र दिलेली मर्यादा त्याच वर्गात धरते. तुम्ही २०, ३०, ४०, ५०, ६० या मर्यादा दिल्या, तर ७, ८, १२, ९, ४ मिळेल आणि शेवटच्या मर्यादेपेक्षा मोठ्या प्राप्तांकांसाठी एक जादा खाना ० दाखवेल. पूर्णांकी सामग्रीसाठी १९, २९, ३९, ४९, ५९ या मर्यादा द्याव्यात. मग जादा खान्यासह ५, ८, १२, ९, ५, १ ही वहीतलीच सारणी मिळते. दशांश असलेल्या सामग्रीसाठी काउंटइफ्स हे अटींत बसणारे प्राप्तांक मोजणारे सूत्र वापरून ‘खालच्या मर्यादेइतका किंवा जास्त’ आणि ‘वरच्या मर्यादेपेक्षा कमी’ अशा दोन अटी घालणे अधिक सुरक्षित आहे.

आर या संगणकीय भाषेतील आयतालेखाचे सूत्रही, वेगळे सांगितले नाही तर, वरची मर्यादा वर्गात धरते. वर्ग पाडण्याचे तिथले ‘कट’ हे सूत्र तर पहिल्या वर्गाची खालची मर्यादा सोडून देते, त्यामुळे नेमका त्या मर्यादेवरचा प्राप्तांक सारणीतून गायब होतो. पायथन या संगणकीय भाषेतील नमपाय या सूत्रसंग्रहाचे आयतालेखाचे सूत्र आपल्या शालेय संकेताप्रमाणे खालची मर्यादा धरते, पण शेवटच्या वर्गात दोन्ही मर्यादा धरते. १० ते ६० पर्यंत दहादहाच्या मर्यादा दिल्यास ते ५, ८, १२, ९, ६ दाखवते, म्हणजे ६० हा ५०–६० मध्ये जातो. अशा रीतीने एकाच सामग्रीच्या तीन सारण्या झाल्या आणि तिन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत.

दशांश मर्यादांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. संगणक ०.१ सारख्या संख्या द्विमान (फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या) पद्धतीत साठवतो आणि त्या नेमक्या साठवता येत नाहीत, त्यामुळे ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ पेक्षा किंचित मोठी निघते. मर्यादा अशा बेरजेने तयार केल्या असतील, तर ०.३ हा प्राप्तांक त्या मर्यादेच्या खाली पडून मागच्या वर्गात मोजला जातो. सर्व प्राप्तांक आणि मर्यादा १० ने गुणून पूर्णांकांत काम करावे, म्हणजे ही अडचण येत नाही.

वर्गांची संख्या, असमान वर्ग आणि संचित वारंवारता

वर्ग किती घ्यावेत, यावर फार वेळ घालवू नये. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये सुचवलेल्या नियमानुसार १ अधिक ३.३२२ गुणिले प्राप्तांकांच्या संख्येचा दहा पायाचा लॉगरिथम असे उत्तर काढतात. ४० प्राप्तांकांसाठी ते सुमारे ६.३ येते. हा अंदाज आहे, सक्ती नाही. एकाने सहा आणि दुसऱ्याने सात वर्ग केले म्हणून कोणाचीच सारणी चुकत नाही.

एखाद्या मधल्या वर्गात एकही प्राप्तांक नसेल, तरी तो वर्ग ० वारंवारतेसह ठेवावा. तो गाळला की वर्गांची सलगता तुटते आणि आयतालेखात खोटी जवळीक दिसते. शेवटच्या वर्गात एकच प्राप्तांक आहे म्हणून ५०–६० आणि ६०–७० एकत्र करून ५०–७० असा वर्ग केला, तर त्याची वारंवारता ६ होते, पण वर्गांतर दुप्पट झाल्यामुळे आयतालेखात त्याची उंची ६ नव्हे तर ३ घ्यावी लागते, कारण वारंवारता आयताच्या क्षेत्रफळाने दाखवली जाते. ‘६० आणि त्यापेक्षा जास्त’ असा उघडा वर्ग केला, तर त्याला वर्गमध्यच उरत नाही आणि मध्य काढता येत नाही. मध्यक मात्र काढता येतो, जोपर्यंत तो त्या उघड्या वर्गात पडत नाही.

संचित वारंवारतेच्या स्तंभात नेहमी होणारी चूक म्हणजे ‘पेक्षा कमी’ची संख्या खालच्या मर्यादेशी जोडणे. १३ ही संख्या ३० पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची आहे, २० पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची नाही. ‘इतके किंवा जास्त’ या प्रकारात खालच्या मर्यादा घ्याव्या लागतात आणि स्तंभ ४०, ३५, २७, १५, ६, १ असा उतरत जातो. दोन्ही स्तंभ तयार असतील, तर एकाच मर्यादेवरच्या दोन संख्यांची बेरीज एकूण प्राप्तांकांइतकी झाली पाहिजे: ३० पेक्षा कमी गुण असलेले १३ आणि ३० किंवा त्याहून जास्त गुण असलेले २७ मिळून ४० होतात. एका स्तंभात ३० खाली आणि दुसऱ्या स्तंभात तोच ३० वर अशा दोन्ही ठिकाणी मोजला गेला असेल, तर या ओळीत ४० ऐवजी ४२ येतात आणि सीमेवरच्या नियमाचा घोळ नेमक्या कोणत्या मर्यादेवर झाला तेही कळते.